कानात पडलेलं नाव

आमच्या घरात एखादं कार्य सुरळीत पार पडल्याचं मला तरी आठवत नाही. काहीतरी सांडायचं, फुटायचं, करपायचं, नाहीतर भटजीबुवा भलत्याच चाळीत जाऊन, भलत्याच घरचा चहा पिऊन, तिथल्या बाईला 'यजमान कुठायत' म्हणून विचारत बसायचे. माझी मुलं म्हणतात, आई, तू वाढवून सांगतेस. सांगते बाबांनो. गुडघे गेले, दात गेले, तेवढी एक मुभा राहिलीय. पण दादाच्या लग्नातल्या अक्षतांची गोष्ट मी तांदळाच्या एका दाण्याइतकीही वाढवलेली नाही.

आम्ही मुलुंडला राहायचो. मागे डोंगर, पुढे मोठ्या रस्त्यावरचे कारखाने, आणि मध्ये आमची दहा खोल्यांची बैठी चाळ. वर कौलं, मागच्या अंगाला पत्रे. बाबा आधी परळला गिरणीत होते, मग इथे कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागले आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून इकडे आलो. चाळीतली निम्मी माणसं आमच्यासारखीच मालवणाकडची, आणि जवळजवळ सगळी कारखान्यातली, त्यामुळे घड्याळ कुणाकडेच नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. कारखान्याचा भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. दादाच्या लग्नाचा मुहूर्त दुपारी तीन वाजून काही मिनिटांचा होता. चाळीपुढच्या मोकळ्या जागेत मांडव, भटजींचं तिसरं मंगलाष्टक चाललेलं, आणि तीनचा भोंगा झाला. भोंगा म्हणजे सुटलो, हे कामगारांच्या हातांना वर्षानुवर्षं पक्कं ठाऊक. सगळ्यांनी एकदम मुठी उघडल्या. तेवढ्या सगळ्या अक्षता एका क्षणात दादाच्या डोक्यावर. बॅण्डवाल्याने बॅण्ड सुरू केला, आणि दादाने, जो आधीच घाबरून घामाने निथळत होता, हातातला हार समोर दिसेल त्याच्या गळ्यात घातला. समोर अंतरपाट धरलेले मामा होते. मग खऱ्या मुहूर्ताला टाकायला कुणाकडेच अक्षता उरल्या नाहीत, म्हणून मावशीने धावत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या आंबोळ्यांसाठी भिजत घातलेले तांदूळ आणले. नव्या वहिनीच्या केसांत ते ओले तांदूळ असे चिकटले की दोन दिवस चिमण्या तिच्या मागे फिरत होत्या. हे शेवटचं वाढवून सांगितलं.

सगळे पोट धरधरून हसले. आई हसली नाही. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून ती स्वतःशीच म्हणाली, "कोण तरी येवचो रवलो हा." कोणीतरी यायचा राहिलाय. आमच्या घरातलं प्रत्येक कार्य बिघडलं की ती एवढंच म्हणायची, आणि कोण, ते कधीच म्हणायची नाही.

त्या लग्नातला एक फोटो माझ्याकडे अजून आहे. सगळं घर ओळीने उभं आहे. कडेला बाबा, मग आई, आणि मग मी, दोन वेण्या आणि चेहऱ्यावर पावडरचे पांढरे पट्टे, जशी काही मीच नवरी. आईच्या आणि माझ्या मध्ये बरोबर एका पोराएवढी जागा मोकळी आहे. फोटोवाला ओरडत होता, "ताई, सरका जरा, मध्ये गॅप दिसतोय." आई सरकली नाही. मीही नाही. आम्ही दोघी अगदी शिस्तीत त्या जागेच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो.

त्या जागेचं नाव गोविंद. माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आठ पूर्ण व्हायला महिना राहिला असताना तीन दिवसांच्या तापात गेला. मला त्याचा चेहरा नीट आठवत नाही, आवाज आठवतो. शाळेतून येताना हातातली काठी मागच्या पत्र्यांवरून ओढत यायचा, टर्रर्रर्र, पार पहिल्या खोलीपासून आमच्यापर्यंत, आणि प्रत्येक खोलीतून त्याला एकेक शिवी पडायची. तो गेला आणि आईने त्याचं नाव घरातून काढून टाकलं. रडणं नाही, आठवणी नाहीत, फोटो नाही. फक्त तो शब्द उच्चारायचा नाही. आता गंमत बघा, आपल्या देवाधर्मात हा शब्द कुठे नाही? चाळीत दर शनिवारी भजन व्हायचं. गोविंद आला की आई ताडकन उठून आत जायची. एकदोनदा तसं झाल्यावर भजनातल्या बाप्यांनी तोड काढली. तो शब्द आला की सगळे मिळून खोकायचे. नवा माणूस आला तर त्याला वाटायचं, ह्या चाळीत क्षयाची साथ आहे.

आणि एक होतं. सणाला, कार्याला वडे तळले की पहिला वडा आई पानावर ठेवून मागच्या पत्र्याच्या कट्ट्यावर नेऊन ठेवायची. थोड्या वेळाने पान रिकामं दिसलं की तिचा चेहरा जरा सैल व्हायचा. तो जेवून गेला, असं तिला वाटायचं. जेवून मी जायची. कट्ट्याखाली उकिडवी बसून, गरम वड्याने जीभ भाजून घेत, डोळ्यांत पाणी. म्हणजे लहानपणापासून त्या घरातलं भूत मीच होते. फक्त एकदा, नारळी पौर्णिमेला, मी पायात काटा गेला म्हणून दिवसभर खाटेवर होते, आणि तरी पान रिकामं झालं. कावळा असेल. मुलुंडला कावळ्यांना काय तोटा. पण त्यानंतर मी तो वडा खायची सोडली. नंतरही पान रिकामंच व्हायचं.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत वहिनीला मुलगा झाला, आणि मी चौदाव्या वर्षी आत्या झाले. ह्या पदाचा मला काय माज चढला होता म्हणून सांगू! बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दादाने नाव काढलं होतं रवींद्र. आठवडाभर मी उशीच्या कानात रवींद्र सांगत होते, मांजरीच्या कानात सांगत होते. मांजर दिसेनाशी झाली. बारशाला मी आईकडे हट्ट करून तिची नऊवारीच मागितली, ती नेसता येईना म्हणून सहावारी मिळाली, आणि ती माझ्या किडकिडीत अंगावर सात पिनांनी टाचली गेली. त्या मुलीला आज भेटले तर तिचे दोन्ही कान धरून आरशापुढे उभी करीन. पण तेव्हा मला वाटत होतं, सगळी चाळ माझ्याचसाठी जमलीय.

ज्यांनी जुनं बारसं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाळण्याच्या दोन बाजूंना दोघी बायका उभ्या राहतात. आधी वरवंट्याला बाळासारखं अंगडं-टोपडं घालतात आणि तो पाळण्याच्या खालून एकीने दुसरीला द्यायचा, 'गोविंद घ्या' म्हणत. दुसरीने वरून परत द्यायचा, 'गोपाळ घ्या' म्हणत. मग तसंच बाळाला. मग आत्या बाळाच्या कानाशी वाकते, नाव सांगते, आणि मागच्या सगळ्या बायका 'कुर्र' करून तिच्या पाठीत बुक्क्या घालतात. का, ते मला कोणी सांगितलं नाही. आनंदात मारायची सोय असावी.

आदल्या दिवशी मावशीने चाळभर फिरून हळूच निरोप दिला होता. उद्या गोविंद म्हणायचं नाही. दोन्ही बाजूंनी गोपाळच. झालं! मावशी एका बाजूला, दादाची सासू दुसऱ्या बाजूला. मावशीने वरवंटा खालून दिला, "गोपाळ घ्या." सासूबाई बुचकळ्यात. गोपाळ म्हणजे वरून ना? त्यांनी हात वर धरले. "गोपाळ घ्या," मावशी वाकून पुन्हा म्हणाली. "अहो, द्या की मग वर," त्या म्हणाल्या. "गोपाळ घ्या." "कुठला गोपाळ? हा की तो?" वरवंटा मध्येच लोंबकळला आणि अंगड्याटोपड्यासकट सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्यावर पडला. त्या एका पायावर नाचत असताना बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आई पाळण्याची दोरी धरून उभी होती. ती दोरीकडेच बघत होती.

आणि मग जेठीबेन बोलली. शेजारच्या खोलीतली कच्छी बाई, मनाने लोणी, आवाजाने भोंगा. गोविंद गेल्यावर दोन वर्षांनी ती चाळीत आली होती, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि मावशीचा निरोप गेला तेव्हा ती बाजारात होती. ती मोठ्याने म्हणाली, "अरे, असा काय करते तुम्ही? दोन असते ना? एक गोपाळ, एक गोविंद. मी पाहिला आहे ना. गोविंद कुठे गेला?"

खोकायचंही कुणाला सुचलं नाही. आठ वर्षांनी तो शब्द त्या खोलीत आला होता, आणि तोही प्रश्न होऊन. घुगऱ्या चघळणारी तोंडं थांबली. बाळ सकाळपासून किंचाळत होतं, ते किंचाळतच राहिलं. जेठीबेन गोंधळून एकेकीच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "शुं थयुं, काय झाला? गोविंद कुठे गेला, एवढाच तर विचारला."

"चल गो, नाव सांग लवकर," मावशीने मला पुढे ढकललं. मी वाकले. पदर पाळण्याच्या कडीत अडकला, एक पीन बरगडीत घुसली, तोंड बाळाच्या कानाशी गेलं. कान म्हणजे केवढा तो, सुकवलेल्या जर्दाळूसारखा. मागून पहिली बुक्की बसली, दुसरी बसली, "कुर्रर्र", आणि माझ्या तोंडातून नाव निघालं. गोविंद. एकदा नाही. तीनदा सांगायचं असतं, तर तीनदा.

बाळ रडायचं थांबलं. डोळे उघडून त्याने माझ्याकडे बघितलं. बारा दिवसांच्या बाळाला काही दिसत नसतं, हे आज माझी डॉक्टर नात मला सांगते. सांगू दे. तिच्याकडे त्याने बघितलं नव्हतं.

पुढे कित्येक वर्षं मी मनाला समजावत राहिले, की बुक्क्यांनी जीभ घसरली. शेवटी 'विंद' आणि 'वींद्र' ह्यांत अंतर ते किती. पण आता खोटं बोलून कुणाला खूश करायचंय? मला आजही नक्की ठाऊक नाही. आठ वर्षं तो शब्द माझ्या तोंडात होता, गरम वड्यासारखा, गिळताही येईना आणि थुंकताही येईना. कुणीतरी विचारलं, कुठे गेला, आणि समोर एक कान होता.

त्याच संध्याकाळी बायका उरलेला सुंठवडा खात बसल्या होत्या आणि मावशी सहज म्हणाली, की कानात पहिलं पडतं तेच खरं नाव. ते आत जाऊन बसतं, वरून कितीही हाका मारा. चौदा वर्षांच्या मुलीचं गणित सोपं असतं. ह्याचं खरं नाव गोविंद. गोविंद आठ पूर्ण व्हायच्या आत जातो. म्हणजे हा जाणार. आणि नाव मी घातलंय.

रवी वाढत गेला आणि मी त्याच्या मागे सावलीसारखी वाढत गेले. सहा महिन्यांचा झाला तरी 'रवी' म्हटलं की मान वळवायचा नाही. वहिनी त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी टाळी वाजवली, वळला. चमचा वाजवला, वळला. रवी म्हटलं, छताकडे बघत बसला. आणि घरी आई माझ्यावर नाहीतर वहिनीवर ओरडली, "अगो, दूध उतू जाता मा!" की हा लगेच वळायचा. त्या 'गो'वर. आमच्या मालवणीत बाई माणसाला दिवसातून शंभर वेळा 'गो' म्हणतात, आणि शंभर वेळा ते पोर मान वळवून बघायचं, पुढचं अक्षर यायची वाट बघत असल्यासारखं. बाकीच्यांना ती गंमत वाटायची. मी संडासात जाऊन रडायची. चाळीत रडायला दुसरी जागा नव्हती, आणि तिथेही बाहेरून कोणीतरी बादली वाजवायचं.

रवी पाच वर्षांचा असताना एका दुपारी मी घरात उडदाच्या डाळीतले खडे निवडत होते. मागून आवाज आला. टर्रर्रर्र. पहिल्या खोलीपासून आमच्यापर्यंत. सूप माझ्या हातातून पडलं. आई चुलीपुढे होती, ती वळलीही नाही, नुसती तिची मान थोडी तिरकी झाली. दारात रवी, हातात काठी. "कोणी शिकवलं रे हे?" मी त्याचा दंड धरून गदागदा हलवला. "कोणी नाही," तो म्हणाला आणि भोकाड पसरलं. पत्र्याची भिंत आणि हातात काठी असलेला जगातला कुठलाही मुलगा हेच करील, हे कळण्याएवढी अक्कल मला पुढे आली. तेव्हा नव्हती.

मी शिकले, घाटकोपरला एका ऑफिसात टेलिफोनवर लागले. दिवसभर अनोळखी माणसांना 'हॅलो, कोण पाहिजे?' विचारायचं काम. एकवीसची झाले तशी स्थळं येऊ लागली. पहिल्याला मी नाही म्हटलं कारण त्याचे कान मोठे होते. दुसऱ्याने कांदेपोहे खाताना आवाज केला. तिसऱ्यात काहीच खोट सापडेना, तर मी म्हटलं, फार गोड हसतो, मला भीती वाटते. बाबा संतापले. "राजपुत्र येतलो काय तुका?" दादा म्हणाला, "हिचं डोकं फिरलंय." खरं कारण सांगायची सोय नव्हती. रवीचं आठवं सरेपर्यंत मला ते घर सोडायचं नव्हतं. मी नसताना काही झालं तर? जसं काही मी असताना मी यमाला हॅलो, राँग नंबर म्हणणार होते!

रवीचा सातवा वाढदिवस झाला त्या दिवसापासून मी त्याला आंबा काढायला झाडावर चढू दिलं नाही, बोरं दिली नाहीत, भर उन्हाळ्यात स्वेटर घातला. पोरगं मला 'हवालदार' म्हणायचं. आणि आठ पूर्ण व्हायला महिना उरला असताना, जसं काही कुणी तारीख बघून पाठवलंय, त्याला ताप भरला.

पहिला दिवस. दुसरा दिवस. तिसऱ्या दिवशी ऑफिसात टेलिफोन बोर्डाचे प्लग माझ्या हातून भलत्याच भोकात जाऊ लागले, साहेबांचा फोन मी त्यांच्याच घरी जोडून दिला, आणि अर्धी रजा टाकून घरी आले. दुपार होती. बाबा आणि दादा कामावर, वहिनी डॉक्टरांकडे औषध आणायला गेलेली. रवी खाटेवर गुंगीत, कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी. आई चुलीवर पेज ढवळत होती. मी चपला न काढताच तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

"आई, मी बारशाला चूक केली," मी म्हटलं. "मी ह्याच्या कानात रवींद्र नाही सांगितलं. मी... मी आपल्या..."

"माका म्हायत हा," आई म्हणाली. डाव हलायचा थांबला नव्हता. "पाळण्याची दोरी धरून मी उभी होतंय. भयरी नाय होतंय."

"आठ वर्षं," मी म्हटलं. "आठ वर्षं मी मरतेय इथे, आणि तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

आईने डाव कडेला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "बोलतलंय कित्याक? माका वाटला, तू माझ्यासाठीच केलंस. कोणाक सांगूचा नाय म्हणान गप रवलंस." मग तिने एकदा खाटेकडे बघितलं. "दुपारची तुमी सगळी भायर, सून नळार पाण्याक. मी आणि तो. मी तेका हाक मारतंय. तो ओ देता."

तर हे होतं. ते पोर 'रवी'ला वळायचं नाही, 'गो'ला वळायचं, कारण दुपार झाली की कुणीतरी त्याला दुसऱ्या नावाने बोलवत होतं. काठीसुद्धा, मी विचारलं नाही, पण मला तेव्हाच कळलं, की ती कुणी हातात दिली असणार.

"आणि वडो तू खायस ता पण माका म्हायत होता," आई म्हणाली. "गरम खायस. जीभ भाजा मा तुझी?"

मी हसले की रडले, कोण जाणे. दोन्ही एकदम केलं असावं, कारण त्या आवाजाने रवी जागा झाला. "आजी," तो म्हणाला, "पेज दे." आणि आई, इतक्या वर्षांची सवय, हातात ताटली घेत म्हणाली, "दितंय रे गोविंदा."

"ओ," रवी म्हणाला.

दारात वहिनी उभी होती. हातात औषधाची बाटली. ती कधी आली, तिने किती ऐकलं, ते आम्हाला तिच्या तोंडावरूनच कळलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चपला काढल्या, बाटली फळीवर नीट ठेवली, आणि म्हणाली, "तरी मी म्हणतेय, माझं पोर माझ्या हाकेला का वळत नाही." मग ती खाटेवर बसली, रवीचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाकून त्याच्या कानात सांगितलं, अगदी स्पष्ट, आम्हाला दोघींना ऐकू जाईल असं. "रवींद्र. रवींद्र. रवींद्र."

आई तिच्या मागेच होती. मी बघितलं, आईचा हात आपसूक उचलला गेला, मूठ वळली. नाव सांगितलं की बुक्की मारायची, हे हाताला ठाऊक होतं. पण मूठ वहिनीच्या पाठीपर्यंत गेली नाही. थोडा वेळ तशीच हवेत राहिली आणि मग आईने ती पदराला पुसली, जसं काही तिला पीठ लागलं होतं.

ताप चौथ्या दिवशी उतरला. औषधाने उतरला, असं वहिनी म्हणायची, आणि तेच खरं. रवीला आठ पूर्ण झाली, नववं लागलं, तेही सरलं. मी पुढच्याच स्थळाला हो म्हटलं. त्याचे कान पहिल्याहून मोठे होते. लग्नात माझ्या नवऱ्याचा फेटा होमात पडून जळाला, सगळे पोट धरून हसले, आणि मी वळून आईकडे बघितलं. ती काहीच म्हणाली नाही. कोणी यायचा राहिलाय, असं त्यानंतर ती कधीच म्हणाली नाही. वडे तळले की पहिला वडा इतरांबरोबर टोपलीत पडायचा.

माहेरी गेले की दुपारी मी मुद्दाम जागी राहायची, कान देऊन. कौलं तापून टकटक वाजायची. लांब कारखान्यात काहीतरी घुमत असायचं. आई भिंतीला टेकून बसलेली, रवी शाळेची वही घेऊन पालथा पडलेला. ती त्याला रवी म्हणायची. आणि तो ओ द्यायचा, गुणी मुलगा होता. मी माझ्या जिवाचं ओझं उतरवायला एका दुपारी बोलून मोकळी झाले, आणि एका बाईच्या सगळ्या दुपारी काढून घेतल्या. एका मुलाला मी तीन शब्दांनी परत आणलं होतं, ते मला ठाऊकही नव्हतं. घालवला तोही मीच, माझ्याच तोंडाने. ह्याच्यावर विनोद करायचा मी पुष्कळ प्रयत्न केलाय. जमत नाही.

आता ती चाळ नाही. तिथे बावीस मजल्यांचा टॉवर उभा आहे आणि त्यात चाळीतल्या लोकांना मिळालेल्या खोल्यांतच रवीची जागा आहे, नवव्या मजल्यावर. गेल्या महिन्यात त्याच्या नातवाचं बारसं झालं, खालच्या हॉलमध्ये. फुगे, माईक, नावाच्या पाट्या. बाळाची खरी आत्या, रवीची लेक, कॅनडात. तिने व्हिडिओ कॉलवरून नाव सांगायचं ठरलं होतं, आणि फोन बाळाच्या कानाशी धरला तर आवाजच येईना. ती तिकडे तोंड हलवतेय, इकडे सगळे ओरडतायत, "म्यूट! म्यूट काढ!" मी खुर्चीत बसून इतकी हसले की सुनेने पाणी आणलं. काही का असेना, घराण्याची परंपरा टिकून आहे.

"आत्या, तूच सांग," रवी म्हणाला. बासष्टचा झालाय, डोक्यावर केस नाहीत, बँकेतून मॅनेजर होऊन रिटायर झाला. मला धरून पाळण्यापाशी नेताना हळूच म्हणाला, "कार्डावर छापलंय तेच सांग हं."

मी थांबले. एवढ्या वर्षांत ह्या विषयावर आम्ही चकार शब्द बोललो नव्हतो. त्याच्या तोंडावर नुसतं हसू होतं.

मी कार्डावरचंच सांगितलं. तीनदा. आजकालचं नाव, बोळक्या तोंडाला उच्चारायला कठीण, पण सांगितलं. पाठीत बुक्की कुणी घातली नाही. म्हातारी मोडेल, अशी भीती वाटली असणार.

जेवणं झाल्यावर रवी मला वर घरी घेऊन चालला. तो पुढे, लिफ्टचं बटण दाबायला. मी काठी टेकत मागे. पॅसेजला स्टीलचा कठडा आहे. दुपारचे तीन वाजले असतील, पण आता भोंगा नाही, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. काय वाटलं कोण जाणे, मी काठी उचलली आणि त्या कठड्याच्या गजांवरून ओढत चालले. टर्रर्रर्र. तो तसाच पाठमोरा उभा राहिला, लिफ्टच्या बटणावर बोट ठेवून.

"गोविंदा," मी हाक मारली.

"ओ," तो म्हणाला. लगेच. मागे न बघता.